पाखरांना सोडलेलं रान

आचोल नावाच्या बाईमुळं मी आज धडधाकट बसून हे लिहितोय. हे सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण मागाहून सांगायला गेलं की लोक मधेच तोडतात. परवा सोलापुरात तोडलंच. आचोल दक्षिण सुदानातली. नदीकडेच्या एका गावात तिचं कुडाचं घर, घराला लागून ज्वारीचं रान आणि रानाच्या बांधाशी आमच्या मदतसंस्थेनं बसवलेला हापसा. हापशाला साखळी असायची आणि साखळीच्या कुलपाची किल्ली आचोलच्या गळ्यात. वयानं माझ्यापेक्षा मोठी, उंचीनं तर फारच. मी तिला अक्का म्हणायचो. ती मला कवाजा म्हणायची, म्हणजे परदेशी माणूस. तिकडं गोराही कवाजा आणि मंगळवेढ्याकडचा सोमाही कवाजा. गोऱ्या साहेबाच्या पंक्तीला बसायचा मान मला आयुष्यात तेवढाच मिळाला.

सध्या सुट्टीवर गावी आलोय आणि सुगी ऐन भरात आहे. काळ्या रानात बाया ओळीनं वाकल्यात. ज्वारी मुळासकट उपटायची, मुळाची माती पायावर झाडायची, मागं टाकायची. तळहातांना फडकी बांधलेली. झाडलेल्या मातीचा धपधप आवाज आणि कडब्याचा गोडसर वास बांधापर्यंत येतो. हे सगळं मला पाठ आहे, पण मला बांधावर फार वेळ उभं राहवत नाही. पाखरांचा थवा वळला आणि ज्वारीवर उतरला की माझी नजर तिथंच खिळते. शेजारचे समजतात, पोराला पिकाची काळजी. पिकाची नव्हे. बसलेली पाखरं एकदम उठतील की काय, याची मला भीती वाटते. ती भीती तिकडच्या एका सुगीची आहे.

तिकडची सुगी आपल्यापेक्षा आधी, दिवाळीच्या पुढंमागं येते. पाऊस थांबतो, गुडघाभर चिखलाचे रस्ते वाळतात, ज्वारी पिकते. आणि वाळलेल्या रस्त्यावरनं यादवीतले बंदूकवालेही येतात. दोन्हीचा मोसम एकच. 

पण आधी सोलापूरचं सांगतो, नाहीतर जीव शांत व्हायचा नाही. आमच्या तालुक्यातल्या लोकांच्या सोलापुरातल्या एका मंडळानं माझा सत्कार ठेवला. चौकात फ्लेक्स लागला. 'युद्धभूमीवरील देवदूत' असं वर, खाली मी. माझ्या डोक्यावर कुणा सैनिकाचं निळं हेल्मेट चिकटवलेलं, ते माझ्या कानाच्याही खाली आलेलं. फ्लेक्सवर माझं तोंड बशीएवढं आणि अध्यक्षांचं परातीएवढं. कोपऱ्यात शुभेच्छुकांची अशी दाटी, की यातल्या निम्म्यांनी मला जाताना साधं 'सांभाळून जा' म्हटलं असतं तरी मी गहिवरलो असतो. आठवीतनं शाळा सोडली तेव्हा यातलेच काही जण म्हणाले होते, "गेलं पोरगं वाया." आता तेच पुढच्या खुर्चीत. शाल घातली, नारळ दिला, माईक दिला. मी आचोलचं नाव घेतलं आणि म्हणालो, "एका बाईनं माझ्यासाठी आपली ज्वारी पाखरांना घातली." तेवढ्यात अध्यक्ष कानाशी आले.

"सोमनाथभाऊ, ते बाईबिईचं नको. गोळीबाराचं काय आसंल ते सांगा की. लोक वाट बघायलेत."

"गोळीबार मी बघितला न्हाय, नुसता ऐकला."

"मग ऐकलेलं सांगा. जरा वाढवून सांगा. कोण येतंय तितं तपासायला?"

मी माईक ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या त्यांनाही माहीत नसावं.

मी तिकडं गेलो त्यात देवदूतपणा काडीचा नव्हता. शाळा सुटल्यावर मी बोअरच्या गाडीवर लागलो. मंगळवेढा, सांगोला, जत, असं पाण्याच्या मागं आणि कोरड्या धुळीत हिंडलो. पुढं आमच्या मालकाची गाडी आफ्रिकेत गेली, तिच्याबरोबर मीही. करार संपल्यावर एका मदतसंस्थेला हापसे दुरुस्त करणारा माणूस हवा होता. पगार बरा होता. पहिल्या दिवशी मला विचारलं, या कामाकडं का वळावंसं वाटलं? मी खरं सांगितलं की घराचं छत गळतंय. साहेब गोड हसले आणि त्यांनी दुसरंच काहीतरी लिहून घेतलं.

मदतकार्य म्हटलं की लोकांना धूर, धावपळ, कडेवरचं लेकरू असलं काहीतरी दिसतं. आमचा दिवस तारेच्या कुंपणात उजाडायचा. लोखंडी डब्यांच्या खोल्या, दिवसभर घरघरणारा जनरेटर, भात आणि लाल घेवडा. सकाळी रेडिओवर हजेरी, संध्याकाळी रेडिओवर हजेरी. मी आहे, मी आहे, असं आपणच आपल्याबद्दल सांगायचं. अंगणात वाळूच्या पोत्यांची एक खोली होती. गोळ्या सुटल्या की तिच्यात शिरायचं. मी मुळात भित्रा माणूस. फटफटीचा आवाज झाला तरी मी त्या खोलीच्या दाराशी असायचो. बाकीचे हसायचे. हसू देत. 

बाकी वेळ बैठका. आज काय करायचं याची बैठक, ते का झालं नाही याची बैठक आणि या सगळ्याचा मनावर काय ताण येतो याची बैठक. तिसऱ्या बैठकीला बिस्किटं असायची.

आणि पाहुणे! पाण्याचा पहिला हिस्सा पाहुण्यांच्या आंघोळीला, विजेचा पहिला हिस्सा त्यांच्या कॅमेऱ्यांना. लहान विमानानं यायचे, अंगात खिशांचं जाकीट. किती ते खिसे! आणि एकातही साधा पाना नाही. उन्हात बायांची रांग उभी केलेली असायची, धान्याची पोती समोर रचलेली, पण वाटप सुरू होणार नाही. का, तर पाहुणे वाटेत आहेत. पाहुणे आले की पहिलं पोतं त्यांच्या हातून. हात पुढं, मान कॅमेऱ्याकडं. पोतं उचलणाऱ्या बाईची मान कुठंही असली तरी चालायची. एकदा एका पाहुणीनं मला विचारलं, "इथले लोक इतके आनंदी कसे राहू शकतात?" मी म्हणालो, "तुम्ही गेल्यावर राहतात." माझं इंग्रजी तोकडं, म्हणून ते गोड बोलणं समजलं गेलं. तोकड्या भाषेचा असाही उपयोग असतो.

त्या सगळ्यातनं सुटून हापशावर गेलं की बरं वाटायचं. आचोलच्या गावी गेलो की पहिल्यांदा तिची ज्वारी दिसायची. आपल्या ज्वारीची थोरली बहीण म्हणावी अशी, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी कणसाला टेकणार नाहीत. रानाच्या मधोमध लाकडांचा माळा. माळ्यावर तिच्या पोरी, हातात लवचीक काठ्या. काठीच्या टोकाला ओल्या मातीचा गोळा लावायचा आणि फेकायचा, वर "हेऽऽ हेऽऽ" अशी आरोळी. मी पहिल्यांदा बघितलं आणि खाली बसलो. आमच्या घरी गोफण होती, एवढाच काय तो फरक. माळा तोच, आरोळी तीच, पोरींच्या घशाला पडलेली कोरडही तीच. लाल चोचीची चिमणीएवढी पाखरं असतात तिकडं. येतात ती ढगासारखी, आणि राखण चुकली तर रान एका दिवसात भुंडं करतात. पेरणीपासून सुगीपर्यंत ती बाई एकाच गोष्टीला भ्यायची, ती म्हणजे पाखरं. बंदूकवाले तिच्या लेखी पाखरांच्या नंतर.

आम्ही दोघं मोडक्या अरबीत बोलायचो. तिची थोडी मोडलेली, माझी पुरी. तरी तिचं बोलणं आठवतं ते आमच्या बोलीतच. दुसऱ्या कुठल्या भाषेत ती मला ओरडताना दिसतच नाही.

"कवाजा, तुझ्या देशात हापसं मोडत न्हाईत व्हय?"

"मोडतात की, अक्का."

"मग तितलं कोण करतं? तू तर हितं."

मी पाना फिरवत राहिलो. गावाकडचा शाळेपुढचा हापसा मी निघालो तेव्हापासून बंद होता.

त्या दिवशी सकाळी गाडीनं मला तिच्या गावात सोडलं. हापशाला पाणी चढत नव्हतं. मी सगळे पाइप वर ओढून बांधाशी आडवे घातले, सिलिंडर उघडला, तेवढ्यात नदीच्या अंगानं आवाज यायला लागले. लांबून, तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे. रेडिओवर साहेबांचा निरोप आला, "आहे तिथंच थांब. गाडी निघाली." मी थांबलो. पुन्हा विचारलं. "गाडी निघाली." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रेडिओ नुसता खरखरला. 

कॅम्पात त्या दिवशी पाहुणे होते. गाडी माझ्याकडं निघालीच नव्हती. पहिल्या खेपेत धावपट्टीवर पाहुणे गेले. दुसऱ्या खेपेत पाहुण्यांच्या बॅगा गेल्या. हे मला मागाहून ड्रायव्हरनं सांगितलं, मान खाली घालून. त्या बिचाऱ्याला मी काही बोललो नाही. पण ज्यांनी बॅगांना माझ्या आधी बसवलं त्यांनी पुढं कधी माणुसकीवर भाषण केलं, की मी उठून जनरेटर बघायला जायचो. जनरेटर निदान घरघरतो ते डिझेलवर.

इकडं बांधाशी आवाज जवळ येत चालले होते. परदेशी माणूस सापडला की त्याचा रेडिओ, फोन, बूट तर जातातच. वर त्याचा सौदाही होतो. आचोल आली. तिनं माझ्या हातातला पाना काढून पाइपांवर ठेवला, दंडाला धरलं आणि मला सरळ ज्वारीत नेलं. आत, पार आत, माळ्याच्याही पलीकडं. खाली बसवलं.

"हलू नगंस. खोकू नगंस. मुतायचं झालं तरी बसल्या जागी."

मग ती मागं गेली आणि तिनं पोरींना हाक मारली. माळ्यावरनं खाली उतरवलं. काठ्या काढून घेतल्या. हे मला पानांच्या फटीतनं दिसत होतं आणि काही कळत नव्हतं. पिकलेलं रान, वर आभाळात थवा फिरतोय आणि ही राखण उठवते? पाखरं एक गिरकी घेऊन उतरली. आधी कडेला, मग मधे, मग माझ्या डोक्यावर. हजारो चोची एकदम दाणे फोडायला लागल्या की जो आवाज होतो, तो मी इतक्या जवळनं कधी ऐकला नव्हता. पत्र्यावर वाळू पडत राहावी तसा. माझ्या अंगावर फोलपटं पडत होती.

तेव्हा कुठं उमगलं. ज्या रानावर पाखरं निवांत बसलीत, त्या रानात माणूस नाही. हे शेतकऱ्याच्या कुठल्याही पोराला कळतं, आणि बंदूक घेतलेली पोरंही कुठल्यातरी शेतकऱ्याचीच होती. आचोलनं माझ्या अंगावर पाखरांचं पांघरूण घातलं होतं. त्या पांघरुणाचा धागा म्हणजे तिच्या घरची वर्षाची भाकरी.

बंदूकवाली पोरं आली. पायांत स्लिपर, खांद्याला बंदुका, ओठांवर नीट मिसरूडही नाही. बंदूक हाती आली की वय वाढतं असा या जगातल्या पोरांचा समज आहे. सोलापुरातल्या काहींचा मोटारसायकलनं होतो. आचोल बांधावर बसून शेंगा सोलत होती. एकानं पाइपांकडं बोट दाखवून काहीतरी विचारलं. तिनं हात हलवून लांबवर दाखवलं. गेला तो, पळाला.

आणि नेमकं त्याच वेळी माझ्या हातानं घात केला. एक ताट कलंडून त्याचं भरदार कणीस माझ्या नाकासमोर आलं होतं. त्यावर पाखरं लोंबकळत होती आणि दाणे सरसर कमी होत होते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात लहानपण काढलेला हात तो. त्याला ज्वारीवर पाखरू दिसलं की उठायचंच माहीत. मी विचार केला नाही, हात वर गेला आणि "हाऽ" असा अर्धा आवाज घशातनं सुटलाही. माझ्या डोक्यावरचा सगळा थवा भर्रकन उठला. पिकलेल्या रानात मधोमध एक भोक पडलं, आणि त्या भोकाखाली मी.

बंदूकवाल्यांच्या माना वळल्या. मी डोळे मिटले. आईचं नाव घ्यायचं तेही सुचलं नाही, नुसतं कडब्याचा वास आला.

आचोल ताडकन उभी राहिली. तिनं बांधावर टाकलेली काठी उचलली, मातीचा गोळा लावला आणि माझ्या दिशेनं असा भिरकावला की तो माझ्या कानापासून वीतभर लांब पडला. वर तोंडाचा पट्टा. पाखरांना शिव्या, पाखरांच्या आयांना शिव्या आणि मग त्या पोरांकडं वळून त्यांनाही.

"हितं उभं राहून काय बघताय? हातात एवढी लाकडं हायती, एक पाखरू हाकलता येत न्हाय? तुमच्या आयांनी राखण शिकवली न्हाय काय रं?"

पोरं हसली. त्यातल्या एकानं खजील होऊन खरंच एक ढेकूळ फेकलं. मग ती शेंगांची परडी त्यांच्यापुढं धरून पुन्हा खाली बसली. काठी बाजूला ठेवली. थवा फिरला, घुटमळला आणि पुन्हा उतरला. माझ्या डोक्यावरचं भोक बुजलं. शेंगा खाऊन ती पोरं पुढं निघून गेली. परत येतील म्हणून उन्हं कलेपर्यंत तिनं राखण बसवली नाही. संध्याकाळी पाखरं आपणहून उठली तेव्हा रानात कणसं नव्हती, कणसांचे खराटे होते.

मी बाहेर आलो. मला रडू येत होतं आणि तिला राग.

"अक्का, माझ्यापायी सगळं रान घातलंस."

"मग काय करू? पाइपा भाईर काढून ठिवल्यास. तू मेलास तर आत कोण घालणार? आधी पाइपा घाल, मग कुटं मरायचं तितं मर."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. मी उठलो नाही. बायांनी पाइप उचलून धरले, मी ते एकेक करून खाली सोडले, वॉशर बदलला, दांडा मारत राहिलो. आधी हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. मगच गाडीत बसलो. त्या दिवसांत माझ्या हातून एवढंच एक काम पुरं झालं.

कॅम्पात परतल्यावर मी साहेबांना सांगितलं, त्या बाईचं रान गेलंय, आपण भरून द्यायला पाहिजे. साहेबांनी विचारलं, रान जाळलं का? नाही. लुटलं का? नाही. मग? पाखरांनी खाल्लं. साहेब समजुतीनं म्हणाले की पाखरांनी खाल्लेलं पीक लढाईचं नुकसान धरता येत नाही. वर मला चार दिवस विश्रांती घ्यायला सांगितली. गोष्ट त्यांना खरीच वाटली नाही. बॅगांची गोष्ट कुणाला खोटी वाटत नव्हती, ती मात्र कुणी काढत नव्हतं.

पुढं काही महिन्यांनी वाटपाच्या रांगेत मला आचोल दिसली. पोत्याच्या धान्यासाठी उन्हात उभी. पाहुणे वाटेत होते. मी कुंपणाशी गेलो तर तिनं मागं वळून बघितलं. लाजली नाही, गळ्यातली किल्ली दाखवून तिनं खूण केली की हापसा चालू आहे. पाहुणे आले, पहिलं पोतं नेमकं तिच्याच हातात पडलं. मागं वळून माझ्याकडं बघतानाचा तिचा फोटो संस्थेच्या कॅलेंडरवर आला. खाली छापलं होतं, 'मदतीनं उजळलेला चेहरा'. 

ते कॅलेंडर मी गावी आणलंय. सोलापूरच्या फ्लेक्सवर मी देणारा आणि या कॅलेंडरवर ती घेणारी. दोन्ही छापणाऱ्यांची शाई वाया गेली.

सत्काराहून घरी आलो त्या संध्याकाळी आई अंगणात कणसं मोडत बसली होती. शाल बघून हसली. मी तिला सगळं सांगितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मधे कुणी तोडलं नाही. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"मग तिच्या रानात काय ऱ्हायलं रं?"

"काय न्हाय ऱ्हायलं."

"आन् तू हितं शाली पांघरत हिंडतोयस व्हय?"

मी शाल काढून तिची घडी घातली. आमच्याकडं खळ्यावर आलेल्याला कुणी रिकाम्या सुपानं धाडत नाही. वाटसरू असो, भिकारी असो, ओंजळभर तरी पडतंच. ज्या बाईनं स्वतःचं खळं रिकामं ठेवून मला धाडलं, तिच्यापुढं मी फक्त 'शुक्रान' म्हणालो होतो. आभार मानायला तिकडं तेवढंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आईनं सुतळी घेतली आणि गोफण विणायला बसली. तिची वीण अजून घट्ट पडते. विणता विणता म्हणाली, "पैशे दिऊ नगंस. पैशानं राखण हुत न्हाय."

गोफण बॅगेत ठेवलीय, पान्यांच्या शेजारी. आता तिकडं गेलो की आधी हापसेच असतील, बैठका असतील, पाहुणे असतील. लगेच जमणार नाही हे मला ठाऊक आहे. भीतीही गेलेली नाही. पण अक्का, कधीतरी एका सुगीला मी रजा टाकून तुझ्या रानात येईन. दाणा दुधात आल्यापासून खळं होईपर्यंत माळ्यावरनं उतरणार नाही. तुझ्या पोरींच्या घशाला त्या साली कोरड पडणार नाही. आणि त्या साली तुझ्या ज्वारीवर एकही पाखरू बसणार नाही, म्हणजे लांबून बघणाऱ्याला कळेल, की या रानात माणूस आहे.